बुरा लागला

यंदाच्या ओलाव्यानं सोलापूरच्या भवानी पेठेची अब्रू घेतली ती कडक भाकरीपासून. जी भाकरी महिनोन् महिने डब्यात खडखडत राहायची, जिचा काठ मारून म्हणे गैबीसाबच्या आजोबांनी एकदा चोराचं डोकं फोडलं होतं, ती यंदा रुमालासारखी घडी करून खिशात घालता यायला लागली. शेंगाचटणी भुकटी म्हणून बरणीत भरावी तर दुसऱ्या दिवशी लाडू होऊन बाहेर यावी. काडी ओढली की गुल काडेपेटीलाच चिकटायचं आणि हातात नुसतं लाकूड राहायचं. सप्टेंबर सरत आला तरी आभाळ पेठेवरून उठायला तयार नव्हतं. सोलापूरचं ऊन कुणीतरी मालगाडीत भरून कोकणात नेलं आणि तो डबा कुर्डुवाडीला शंटिंग होताना आपण डोळ्यांनी पाहिला, असं गैबीसाब येईल त्याला सांगत. ऐकणारा हसला की त्यांना बरं वाटे. घरात हसणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

आज मात्र ते कुणाला काही सांगत नव्हते. मधल्या खोलीत खुर्ची टाकून, अलमारीच्या उजव्या दाराला पाठ टेकून बसले होते. वेळापूरहून समरा निघाली होती. आपलं सामान न्यायला.

ही अलमारी त्यांनी स्वतः केलेली. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरीला होते तेव्हा भंगारात निघालेल्या जुन्या डब्याच्या फळ्या लिलावात घेतल्या होत्या. पेठेला मात्र त्यांनी सांगितलं, की लाटसाहेब ज्या बाकावर बसून विजापूरला वाघ मारायला गेला त्याच बाकाचं हे सागवान, आणि थंडीच्या दिवसांत दार उघडलं की अजून वाघाचा वास येतो. दोन दारं, दोन कुलपं. डावं दार बायकोचं, अजीजाचं. ती गेल्या उन्हाळ्यात गेली आणि चाळिसाव्याला तिचे कपडे गरिबांत वाटून झाले. डावा कप्पा तेव्हापासून रिकामा. उजवं दार समराचं. लेक लग्न होऊन वेळापूरला गेली तरी तिचे कुर्ते, ओढण्या, शाळेच्या स्नेहसंमेलनातला घागरा, सगळं तिथंच राहिलं. माहेरात लेकीचं तेवढं राहतंच.

पण लेक राहिली नव्हती. सहा वर्षांपूर्वी माय-लेकींचं काहीतरी फोनवर बिनसलं आणि समराचं येणं बंद झालं. आईच्या मय्यतीला आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि पाणीही न पिता संध्याकाळच्या एसटीनं गेली. तेव्हापासून गैबीसाबच्या डोक्यात एकच हिशेब होता: तिचे कपडे इथं आहेत तोवर तिला एकदा तरी यावं लागेल. कपडे गेले की लेक गेली.

म्हणून उजव्या दाराची किल्ली हरवली होती. मुलाला, बिलालला त्यांनी सांगितलं, ती सिद्धेश्वराच्या तळ्यात माशांना कणीक घालताना पडली आणि एका माशानं गिळली. सून शाइस्ताला सांगितलं, माकडानं नेली. सोलापुरात माकड कुठून आलं, असं शाइस्तानं विचारलं नाही. तिला खोकला यायचा, बोलायला दम पुरायचा नाही.

खोकल्याचं कारण पाठीमागंच होतं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, म्हणून बिलालनं मोरीत सिमेंटचा हौद बांधला होता, तो नेमका अलमारीच्या भिंतीला. हौद पाझरायचा. उन्हाळ्यात त्याचा पत्ता लागायचा नाही, पण यंदा भिंत खालपासून छातीएवढी काळी झाली होती आणि बंद दाराच्या फटीतून असा वास यायचा की जणू आत कुणी ओलं पोतं पांघरून झोपलंय.

"अब्बा, उठा," बिलाल म्हणाला. त्याच्या हातात पहार होती. "समराला घेऊ दे काय घ्यायचं ते. नंतर अलमारी भंगारात."

"लाटसाहेबाची अलमारी पहारीनं फोडणार?"

"लाटसाहेब गेला. माझी बायको हाय अजून. डॉक्टर म्हणाला, घरात बुरशी असली तर औषधानं काही होणार नाही."

शाइस्ता दारातून, नाकाला ओढणी लावून म्हणाली, "माझं नाव नका घेऊ मधे. उद्या समरा म्हणंल, भाभीनं माझे कपडे बाहेर काढले."

"म्हणू दे. अम्मीनं बोलावलं तेव्हा आली न्हाय ती. आता मी बोलावलं तर लगेच एसटीत बसली. कपड्यावर जीव हाय तिचा, माणसावर न्हाय."

गैबीसाबनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या.

समरा उंबऱ्याशीच थांबली. बुरख्याची खालची कड चिखलानं भरली होती. खांद्याला कापडी पिशवी, हातात दुसरी घडी केलेली, रिकामी. सामान भरायला आणलेली ती रिकामी पिशवी गैबीसाबना आधी दिसली, लेकीचं तोंड नंतर.

"सलाम अब्बा." तिनं पिशवी खाली ठेवली नाही. "थांबायचं न्हाय मला. दुपारची गाडी हाय."

वेळापूरला सगळे मराठीच बोलायचे. समरा आता इथंही मराठीच बोलायची, घरातली दखनी जशी काही तिनं अलमारीतच ठेवून दिली होती.

"चहा घे आधी," शाइस्ता म्हणाली.

"नको भाभी. तुमी खोकताय किती. बसा की."

"बसले तर जास्त येतो."

"सामान भर, मग जा," बिलाल म्हणाला. "अब्बा, सरका."

"किल्ली नाही," गैबीसाब म्हणाले.

"माशाच्या पोटातली मासा धरून काढू?"

एवढ्यात शेजारच्या जगदेवी आक्का आल्या. कमरेला पदर खोचलेला, काखेत कडुलिंबाचा डहाळा, हातात व्हिनेगरची बाटली. सकाळीच शाइस्तानं मोबाइलवर वाचून दाखवलं होतं की बुरशीला व्हिनेगर मारतात. त्यावर आक्का म्हणाल्या होत्या, मारा की, पण नंतर अलमारीला भज्यांचा वास आला तर मला बोलवा.

"पहार ठेव रे बिलाल," त्या आत येताच म्हणाल्या. "घरात फोडलास तर तो बुरशीचा बुरा घरभर उडंल. आधीच हिचा दम चाललाय. सगळं उचलून गच्चीवर न्यायचं, तिथं झटकायचं. भाईसाब, द्या किल्ली."

"आक्का, तुम्हाला सांगितलं ना, ती किल्ली..."

"मला तुमी इंजिनात पडली म्हणून सांगितलंय. ह्याला मासा, हिला माकड. अजीजाबाई असत्या तर त्यांनी तिन्ही ठिकाणी जाऊन शोधली असती. द्या आता."

समरा बापाकडं बघत होती. गैबीसाबनी तिच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडं पाहिलं. मग खिशातून पानाची चंची काढली, चंचीतून चुन्याची डबी, आणि सुकून खडा झालेल्या चुन्यातून नखानं उकरून पितळी किल्ली काढली.

"बघा," ते म्हणाले, "माशाच्या पोटातून पांढरी होऊनच निघते."

कुणी हसलं नाही.

दार फुगलं होतं. बिलालनं खांदा लावला तेव्हा ते कण्हत उघडलं, आणि सगळ्यांनी एकदम तोंड फिरवलं. हँगरला लटकलेल्या कपड्यांवर पांढरी लव आली होती, जशी म्हाताऱ्या माणसाच्या कानावर येते. घडीच्या कपड्यांवर हिरवे-काळे ठिपके पसरले होते. घागऱ्याची जर काळवंडली होती. खालच्या कप्प्यातल्या चामडी चपला अशा पांढऱ्या, की कुणी पिठात घोळून ठेवल्यात.

"या अल्ला," समरा म्हणाली, आणि पहिल्यांदा पिशवी खाली ठेवली.

गच्चीवर दोरी बांधली गेली. आक्कांनी सगळ्यांना तोंडाला फडकी बांधायला लावली, शाइस्ताला जिन्याच्या वरच्या पायरीवर, वाऱ्याच्या उलट बाजूला बसवलं. बिलालनं अलमारी भिंतीपासून ओढली, तेव्हा मागं भिंतीवर अलमारीएवढीच दुसरी काळी अलमारी उमटलेली निघाली. तिच्याकडं बघत तो बराच वेळ उभा राहिला. हौद त्यानंच बांधला होता. वर आला तेव्हा त्याच्या हातात पहार नव्हती, कपडे घासायचे दोन ब्रश होते. एक त्यानं बहिणीपुढं टाकला.

"कोरडाच घास," आक्का समराला सांगत होत्या. "आधी पाणी लावलंस तर आत मुरतो. लव गेली की मग व्हिनेगर, मग साबण. पांढरा जाईल. काळा राहील बरं का, तो धाग्यात उतरलाय."

"सुती कपड्यालाच जास्त हाय," समरा म्हणाली.

"तुझी आई कांजी घालायची ना भाताची. कडक इस्त्रीसाठी. त्याला आयतं जेवण मिळालं."

गैबीसाब पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून बघत होते. बघता बघता आभाळ फाटलं आणि ऊन पडलं. साधंसुधं नाही, महिनाभर कोंडून ठेवलेलं खास सोलापूरचं ऊन, पडल्याबरोबर गच्चीच्या फरशीतून वाफ निघाली. गैबीसाबना ते मालगाडीतून परत आलेलं ऊन आवडलं नाही. कपडे लवकर वाळतील असं ऊन होतं ते.

"अम्मीनं सांगितलं तेव्हाच येऊन सामान नेलं असतंस," बिलाल घागरा घासत म्हणाला, खाली मान घालून, "तर हे झालं नसतं. किती वेळा म्हणायची ती, समरा आली की काढू, समरा आली की काढू."

समराचा ब्रश थांबला. "सामान न्यायला सांगितलं न्हवतं तिनं. हाकलून दिलं मला. तेवढं नीट बोल, भाईजान."

"अम्मीनं? तुला?"

"फोनवर."

"अम्मी अशी बोलणारी नव्हती."

"शब्द न् शब्द ध्यानात हाय माझ्या." आणि समरा एकदम दखनीत बोलली. आवाज तिचा होता, पण चाल अजीजाची होती, इतकी की गैबीसाबची मान आपोआप वर आली. "'समरा, अलमारी खोली मैं. भौत बुरा लग्या. तू आके तेरा सामान लेके जा.' एवढंच. पुढं ऐकलंच न्हाय मी. ठेवून दिला फोन."

"पण अम्मीला बुरं वाटायला झालं काय होतं?"

समरानं कापडी पिशवीतून एक पुडी काढली आणि सोडली. आत हिरवी ओढणी होती, जुन्या रेशमाची, अजीजाच्या निकाहची. कापराचा वास आला. तिच्यावर एक ठिपका नव्हता.

"त्या फोनच्या आधीच्या खेपेला जाताना ही नेली होती मी. न विचारता. वाटलं, अलमारी उघडली, ओढणी दिसली न्हाय, तिला बुरं वाटलं. एका ओढणीसाठी पोटच्या पोरीला सामान घेऊन जा म्हणाली. मग मला बी वाटलं. ही परत द्यायलाच आले मी आज. द्यायची न् सामान घेऊन जायचं. संपलं."

जगदेवी आक्का कडुलिंबाचा पाला तोडत बसल्या होत्या. त्यांचे हात पाल्यातच राहिले.

"काय म्हणाल्या अजीजाबाई? परत सांग."

"भौत बुरा लग्या."

"अगं बाई," आक्का हळूच म्हणाल्या. "तो माझा शब्द हाय."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"ती अलमारी उघडली तेव्हा मी होते की तिथं. कपड्यांनी पहिल्यांदाच बुरा धरला होता. एवढीशी पांढरी लव, तुझ्या पिवळ्या कुर्त्याच्या बाहीवर. अजीजाबाई घाबरल्या. म्हणाल्या, आक्का, ये क्या हुआ. ह्या घरात कधी बघितलंच नव्हतं त्यांनी. इथं लोणचं बी वाळून मरतं, बुरा कुठला. मी म्हटलं, बुरा आलाय. त्या दोनदा घोकत होत्या, बुरा, बुरा. म्हणाल्या, पोरीला फोन करते, तिचे कपडे ती घेऊन जाईल, इथं खराब होतील." आक्कांनी पाल्याची मूठ सोडून दिली. "पण मी 'आलाय' म्हटलं होतं. कपड्याला बुरा येतो. बुरं लागतं ते माणसाला."

खाली गल्लीत कुणाच्या तरी मागावर खटखट चालू होती, ती तेवढी ऐकू येत राहिली.

"मग तिनं परत फोन का न्हाय केला?" समरानं विचारलं. विचारलं आक्कांना, पण उत्तर शाइस्तानं दिलं.

"केला होता. तू उचलला नाहीस. मग म्हणाल्या, आई बोलावतेय तरी येत नाही. मला एकदा वाटलं, आपणच काढून ऊन दाखवावं. मी दार उघडलं तर ओरडल्या माझ्यावर. समराच्या कपड्याला कुणी हात लावायचा नाही, ती येईल, ती काढेल. कुलूप घातलं." तिला ढास लागली. ती थांबली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, खोकल्याचं की कशाचं ते कळेना. "मला वाटलं, माझा हात त्यांना नको तुझ्या कपड्यांना. सहा वर्षं तेच धरून बसले मी."

गैबीसाब टाकीला टेकून बसले होते आणि त्यांच्या कानात भलतंच काहीतरी वाजत होतं. ते एकदा वेळापूरला गेले होते. कुणाला न सांगता, लेकीची समजूत काढायला. समरानं जेवू घातलं, देवळाच्या बाजूचा बाजार दाखवला, आणि आईचं नाव काढल्यावर म्हणाली, मला बी बुरं वाटलंय अब्बा. घरी येऊन त्यांनी अजीजाला आपल्या बोलीत सांगितलं, उसकू बी बुरा लग्या बोल्ती. अजीजा चुलीपाशी होती. तिनं वळूनही न बघता विचारलं, "उस के हां बी? फिर धूप दिखाव बोलना था उसकू."

ऊन दाखव म्हणायचं होतं तिला.

पोरीचं मन दुखलंय आणि ही बाई टोमणा मारते, असं त्यांना वाटलं होतं. त्या दिवशी ते जेवले नव्हते. अजीजाशी कितीतरी दिवस धड बोलले नव्हते. आणि ती बिचारी समजली होती, वेळापूरलाही ओल आहे, लेकीच्या घरीही कपडे नासतायत, त्यांना ऊन द्यायला हवं.

त्यांनी सांगायला तोंड उघडलं. वाघ, लाटसाहेब, मासा, माकड, सगळं ह्याच तोंडातून बाहेर पडलं होतं. आता जन्मात पहिल्यांदा त्यांच्यापाशी खरी गोष्ट होती, आणि ती सांगवेना.

"आक्का," समरा म्हणाली, "त्या बाहीवर होता म्हणालात?"

"पिवळ्या कुर्त्याच्या. उजव्या."

समरानं ढिगातून पिवळा कुर्ता काढला. आता बुरा नुसत्या बाहीवर नव्हता, सगळीकडं होता. तिनं लव घासून काढली, आक्कांनी सांगितलं तसं व्हिनेगर लावलं, साबण लावला, चोळत राहिली. बिलाल एकदा म्हणाला, "राहू दे, फाटंल." ती थांबली नाही. पांढरं गेलं. उजव्या बाहीवर काळे ठिपके राहिले, कुणी बोटं टेकवून काढून घेतल्यासारखे.

दुपारची गाडी गेली. तिची आठवण कुणी काढली नाही. शाइस्तानं भात टाकला, आणि समरा तिच्यासोबत ताटावर बसली. जेवताना बिलाल कुणाकडंच न बघता म्हणाला, "उद्या हौद फोडतो. प्लास्टिकची टाकी आणू. अलमारी नुसती भिंतीपासून हातभर पुढं ठेवली तरी चालंल." गैबीसाबनी मान खाली घालून घास घेतला. अलमारी राहत होती. पण अलमारीत ठेवायला काही राहत नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा समरा गच्चीवर गेली. जे टाकायचं ते आक्कांनी जाळायला बाजूला काढलं होतं, घागरा त्यातच होता. जे वाचलं ते समरानं एक-एक हात लावून बघितलं, घडी केली आणि रिकाम्या आणलेल्या पिशवीत भरलं. पिशवी गच्च भरली. हिरवी ओढणी हातात घेऊन ती जरा वेळ उभी राहिली. परत द्यायची तर कुणाला द्यायची. तिनं ती पुन्हा कागदात गुंडाळली आणि खांद्याच्या पिशवीत घातली.

गैबीसाब जिन्याच्या तोंडाशी उभे होते. मोजायचं नाही असं ठरवूनही त्यांची नजर दोरीवरून फिरत होती. दोरी जवळजवळ रिकामी झाली होती. शेवटी पिवळा कुर्ता तेवढा राहिला.

समरानं त्याला हात लावला. बाही चाचपली, कॉलर चाचपली, कड मुठीत धरून बघितली. मग तो तसाच दोरीवर सोडून दोन्ही पिशव्या उचलल्या.

"तो अजून ओला हाय अब्बा," ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली. "ओला न्यायचा न्हाय म्हणतात आक्का. पुढच्या खेपेला नेईन."

ती खाली गेली. बिलाल तिच्या हातातून पिशवी घेऊन स्टँडवर सोडायला निघाला, हे गैबीसाबनी वरून पाहिलं. दोघांच्या पाठी गल्लीच्या वळणावर दिसेनाशा झाल्या. पश्चिमेला पुन्हा काळं साचायला लागलं होतं.

मग ते दोरीपाशी गेले आणि कुर्ता हातात धरला. दिवसभराच्या उन्हानं तो पापडासारखा कडक झाला होता, कांजी न घालता. बाहीवरच्या ठिपक्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"अब्बा, दोरी रिकामी झाली का?" खालून शाइस्तानं विचारलं. "पाऊस येतोय."

"एक राहिलाय," गैबीसाब म्हणाले. "लई ओला हाय तो. वाळायला वेळ लागेल."